सार्वजनिक वाचनालय आणि न आलेला वाचक

‘सार्वजनिक’ हा शब्द महाराष्ट्रात इतका रुळला आहे की त्याचा अर्थ काय असे कोणी थांबून विचारीत नाही. सार्वजनिक सभा, सार्वजनिक नळ, सार्वजनिक गणेशोत्सव, तसे सार्वजनिक वाचनालय. वाचनालयांच्या बाबतीत या शब्दाचा अभिमान वाटावा असा आपला इतिहासही आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला आणि गावोगावच्या या संस्थांना सरकारी मान्यतेची व अनुदानाची चौकट मिळाली. याच परंपरेत आणखी एक चांगला शब्द रूढ झाला, तो म्हणजे ‘मुक्तद्वार’. वाचकाने स्वतः कपाटापाशी जावे, पुस्तक हाताळावे, चार पाने चाळावी, आवडले तर न्यावे आणि न आवडले तर ठेवून द्यावे, अशी मोकळीक जिथे असते ते मुक्तद्वार ग्रंथालय.

त्या द्वारापर्यंत पोचायचे कसे, एवढाच प्रश्न आम्ही येथे मांडणार आहोत. ज्याला जिना चढता येत नाही, ज्याला छापलेले अक्षर दिसत नाही, ज्याला बोललेले ऐकू येत नाही, त्याच्यापुरता ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ काय होतो?

आम्ही कामगार चळवळीतले. पंडित नव्हे, जे काही शिकलो त्यातले बरेचसे वाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. आमच्या कामात एक कोष्टक वारंवार उघडावे लागते. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत कोणता अवयव गेल्यास किती नुकसान झाले असे धरायचे ते ठरवून दिले होते. तर्जनी पुरती गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला तर ४० टक्के. हे सारे टक्के कमाईच्या शक्तीचे. कायद्याला तेवढेच मोजायचे होते, आणि तेवढे मोजून घेण्यासाठीसुद्धा पुष्कळ भांडावे लागते. पण पॉवर प्रेसखाली बोटे गेलेला मनुष्य वर्तमानपत्राचे पान कसे उलटतो, जाड पुस्तक एका हातात कसे धरतो, याचा रकाना त्या कोष्टकात नाही. साचेखात्यात वीस वर्षे मागांच्या आवाजात काढलेल्या विणकराला व्याख्यानमालेच्या मंडपात शेवटच्या रांगेत बसून काय ऐकू येते, याचाही नाही. अपंगत्व ही जन्मतः कोणाकोणाच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे, असे समजणाऱ्यांनी एकदा कामगार वस्तीत फिरून यावे. पुष्कळांना ते कामावर मिळते, आणखी पुष्कळांना नुसत्या वयाने मिळते.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख व महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्या गणनेत आठच प्रकार धरले होते. पुढे २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असणार. अपंग, विकलांग, दिव्यांग असे नाव मात्र दर पिढीला बदलत आले आहे. नाव बदलायला पैसे पडत नाहीत, जिना बदलायला पडतात. असो.

वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे हा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते. ‘अहो, आमच्याकडे तसे कोणी येतच नाही.’ हे उत्तर देणारी माणसे दुष्ट नसतात. ती वर्गणीदारांचे रजिस्टर पाहून बोलत असतात, आणि रजिस्टरात खरोखरच तसे कोणी नसते. पण रजिस्टरात जो आला त्याचीच नोंद होते. पहिल्या पायरीवरून परत गेला त्याची होत नाही. एका कारखान्यात तक्रारपेटी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये ठेवलेली आम्ही पाहिली आहे. वर्षभर तिच्यात चिठ्ठी पडली नाही, तेव्हा ‘कामगारांची काही तक्रार नाही’ असा अहवाल वर गेला. वाचनालयाचे रजिस्टर याच जातीचा पुरावा देते.

आता प्रत्यक्ष इमारतीकडे वळू. आपल्या गावांतली पुष्कळ वाचनालये पहिल्या मजल्यावर आहेत. खाली दुकानांचे गाळे, वर वाचनालय. हा हिशेब जुन्या चालकांनी नाइलाजाने केला. अनुदान तुटपुंजे, वर्गणी त्याहून तुटपुंजी, म्हणून गाळ्यांच्या भाड्यावर पुस्तके घ्यायची. तो हिशेब त्या वेळी चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्याची किंमत कोणी चुकविली हे पाहिले पाहिजे. ज्याला जिना चढवत नाही त्याने ती चुकविली, आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

जिथे वाचनालय तळमजल्यावर आहे तिथेही तीन-चार पायऱ्या असतातच. त्यांवर उपाय म्हणून रॅम्प बांधतात, आणि तो बहुधा चुकीचा बांधतात. याचे गणित अगदी सोपे आहे. एक हात चढायचे तर बारा हात लांबी पाहिजे. म्हणजे प्रमाण एकास बारा. पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटीमीटर उंची. तिला ५ मीटर ४० सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवावा. आपल्याकडे मात्र त्याच उंचीला दोन मीटरचा उतार ओततात. त्यावरून स्कूटर चढते. चाकाच्या खुर्चीतला माणूस स्वतःच्या हातांनी चढू शकत नाही, आणि उतरताना तोंडावर पडतो. रॅम्प बांधल्याची नोंद मात्र अहवालात होते. उताराला कठडा दोन्ही बाजूंना हवा. अर्धांगवायूने ज्याची एक बाजू लुळी पडली आहे त्याला चढताना ज्या हाताशी आधार मिळाला, तोच आधार उतरताना दुसऱ्या हाताला येतो. कठडा एकाच बाजूला असेल तर मनुष्य वर जाईल आणि वरच अडकेल.

रॅम्पनंतर उंबरठा येतो. तो सव्वा सेंटीमीटरहून उंच असू नये. मग दार. चाकाची खुर्ची साधारण ६५ ते ७० सेंटीमीटर रुंद असते, शिवाय चाके फिरविणाऱ्या हातांना जागा हवी. म्हणून दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर धरतात. दोन दरवाजांचे दार असेल आणि एकालाच कायम कडी घातलेली असेल, तर ही रुंदी निम्मी होते. (ही कडी काढायला खर्च नाही. तरी ती वर्षानुवर्षे निघत नाही.) आत कपाटांमधली वाटसुद्धा किमान तेवढीच पाहिजे, आणि खुर्ची वळवायला कुठे तरी दीड मीटर मोकळी जागा पाहिजे. बसलेल्या माणसाचा हात जमिनीपासून सुमारे १२० सेंटीमीटरपर्यंत पोचतो. आपली लोखंडी कपाटे त्याहून कितीतरी उंच. वरच्या खणातली पुस्तके काढून देण्यास कोणी माणूस हवा, आणि तो कुरकुरता नसावा.

जिथे लिफ्ट शक्य नाही तिथे तळमजल्यावर एक खिडकी ठेवावी, पुस्तकांची यादी खाली असावी, आणि मागितलेले पुस्तक वरून आणून द्यावे, असा तोडगा काही जण सुचवितात. काही न करण्यापेक्षा तो बरा, आणि उद्यापासून करता येण्यासारखा आहे. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. यादीतून मागितलेले पुस्तक आधीपासून ठाऊक असावे लागते. आम्हांला आयुष्यात जी पुस्तके उपयोगी पडली त्यांतली निम्मी शेजारचे पुस्तक शोधताना हाताला लागली. मुक्तद्वाराचा खरा लाभ तो, आणि खिडकीवाल्या वाचकाला तो मिळत नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असा त्यांतील दोन नियमांचा आशय. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेले पुस्तकही वाचकावाचून राहिलेले असते.

संडास-मुतारीचा विषय सभ्य मंडळी सभेत काढीत नाहीत, आम्ही काढतो. हल्ली वाचनालयांना जोडून अभ्यासिका निघाल्या आहेत. स्पर्धा परीक्षांची मुले तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी राखीव जागा तीनवरून चार टक्के केल्या. आता त्या जागेसाठी अभ्यास करणारी मुलगी कुबड्या घेऊन अभ्यासिकेत आली, आणि तिला वापरता येईल असा संडास तिथे नसला, तर ती काय करते? ती सकाळपासून पाणी पीत नाही. दोन-तीन महिन्यांनी अभ्यासिका सोडते. कागदावर राखीव जागा आणि गावात बंद संडास, अशी ही गाठ आहे. चार टक्के भरले नाहीत की पुन्हा ‘लायक उमेदवार मिळाले नाहीत’ असे म्हणायला सारे मोकळे.

इमारत ओलांडून पुस्तकापाशी आलो म्हणजे अंधांचा प्रश्न लागतो. त्याचा इतिहास आम्हांला फार जवळचा वाटतो, कारण त्याची सुरुवात एका कारागिराच्या कामाच्या जागी झाली. फ्रान्समध्ये १८०९ साली जन्मलेला लुई ब्रेल हा खोगिरे व चामड्याचे सामान करणाऱ्या माणसाचा मुलगा. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यात टोकदार हत्याराशी खेळताना एका डोळ्याला इजा झाली, जखम चिघळली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने उठावाच्या ठिपक्यांची लिपी बसविली. १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. सहा ठिपक्यांची जागा, त्यांतले कोणते उठवायचे यावरून ६३ आकृत्या होतात, आणि प्रत्येक आकृती बोटाच्या एका पेराखाली मावते. त्या कागदावर ठिपके उठवायचे ते टोकदार हत्यारानेच. ब्रेल १८५२ साली वारला. फ्रान्सने त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती त्यानंतर दोन वर्षांनी. आपल्या देशात निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या पद्धती चालू होत्या. १९५१ साली भारती ब्रेल ही एक पद्धत ठरली. तिच्यात मराठीचा ‘क’ आणि बंगालीचा ‘क’ एकाच आकृतीने लिहितात. डोळस भारतीयांना जी एक लिपी साधली नाही ती अंधांनी साधली, हे सहज आठवले म्हणून सांगितले.

ब्रेल पुस्तके ठेवणाऱ्या वाचनालयाने दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ही पुस्तके जाड होतात. एका मध्यम कादंबरीचे तीन-चार मोठे खंड. ती उभीच ठेवली पाहिजेत. एकावर एक रचली तर ठिपके दबतात आणि पुस्तक मुके होते. खंडाच्या पाठीवर नाव ब्रेलमध्येही हवे, नाही तर अंध वाचकाला कपाटासमोर उभे राहून दुसऱ्याला विचारावे लागते. आणि मुख्य म्हणजे ब्रेलची कपाटे मांडली की काम संपले असे समजू नये. उतारवयात किंवा अपघाताने दृष्टी गेलेल्या माणसाला ही लिपी शिकणे जड जाते. कामाने राठ झालेल्या बोटांना तर ठिपके लागतच नाहीत.

आमच्या संघटनेचे एक जुने सभासद आहेत. रसायनाच्या कारखान्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले. रोज सकाळी मुलगा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवितो. मुलगा गुणी आहे, पण कामावर जायच्या घाईत असतो. ते एकदा आम्हांला म्हणाले, ‘तो अग्रलेखाचे मधले परिच्छेद गाळतो. मला कळते. पण त्याला काय म्हणणार?’ भरपाईच्या निकालाचा कागदही त्यांनी असाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. वाचन म्हणजे काय आणि वाचून घेणे म्हणजे काय, यांतला फरक आम्हांला त्या दिवशी नीट समजला. वाचणारा मनुष्य कुठे थांबायचे, काय गाळायचे, काय पुन्हा पाहायचे हे स्वतः ठरवितो. वाचनालयाने अंध माणसाला परत मिळवून द्यायचे ते हे.

आज ते शक्य आहे. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे कार्यक्रम निघाले आहेत. ऑस्ट्रेलियातील दोघा अंध तरुणांनी २००६ पासून तयार केलेला ‘एनव्हीडीए’ हा त्यांतला एक. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ नावाची तशीच सोय असते. पण यंत्र वाचणार काय? इथे मराठीचे एक खास दुखणे आहे. छापील पानाचा नुसता फोटो काढून संगणकात ठेवला तर यंत्राच्या दृष्टीने ते चित्र; त्यातले एक अक्षरही त्याला वाचता येत नाही. चित्रातून अक्षरे ओळखणारे कार्यक्रम आहेत, पण जुन्या छपाईतल्या जोडाक्षरांपाशी ते अडखळतात. दुसरे असे की, छापखान्यांतून वर्षानुवर्षे जे टंक वापरले गेले त्यांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या पोटात भलतेच रोमन अक्षर असते. अशी फाइल डोळसाला मराठी दिसते आणि अंधाला निव्वळ बडबड ऐकू येते. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच यंत्र तो नीट वाचते. तेव्हा ‘आमचे ग्रंथ डिजिटल झाले’ असे कोणा संस्थेने अभिमानाने सांगितले की आम्ही विचारतो, चित्रे काढलीत की अक्षरे ठेवलीत?

प्रकाशकांचे हक्क आड येतील ही भीती बाळगण्याचे कारण नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अपंगांना वाचता यावे म्हणून ब्रेल, ध्वनिमुद्रण किंवा संगणकीय मजकूर अशा रूपांत पुस्तकाची प्रत करता येते. तीत नफा घेऊ नये आणि ती त्यांच्याच उपयोगात राहावी, एवढीच अट. याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली माराकेश येथे झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचे अशा पुस्तकांचे संगणकीय भांडार २०१६ मध्ये सुरू झाले. तालुक्याच्या वाचनालयाने एक संगणक, एक कर्णफोन आणि ते भांडार उघडून देणारा एक माणूस एवढे ठेवले तरी एका अंध विद्यार्थ्याचे जग बदलते. ज्यांना थोडे दिसते त्यांच्यासाठी मोठ्या टाइपाची पुस्तके, एक चांगले भिंग आणि टेबलावर दिवा. हा दिवा म्हाताऱ्या मंडळींनाही लागतो.

बहिऱ्यांबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. वाचनालयात शांतताच असते, तेव्हा बहिऱ्याला तिथे काय अडचण, असे लोक म्हणतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली भाषा पुष्कळदा हातांच्या खुणांची असते. मराठी ही त्याला पुस्तकातून शिकावी लागणारी दुसरी भाषा. त्याला सोप्या वाक्यांची, चित्रांची पुस्तके मोठेपणीही लागतात आणि ती बालविभागातून मागायला संकोच वाटतो. भारतीय खुणाभाषेचे संशोधन व शिक्षण करणारी सरकारी संस्था २०१५ साली दिल्लीत निघाली, आणि २०२१ पर्यंत तिच्या कोशात १०,००० शब्द झाले. या खुणा चलच्चित्रांच्या रूपात पाहता येतात. वाचनालयाच्या संगणकावर हा कोश ठेवणे ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. उतारवयात ऐकणे कमी झालेल्यांची गोष्ट वेगळी. ते ओठांकडे पाहून अर्थ लावतात. तेव्हा वक्त्याच्या तोंडावर उजेड असावा, ध्वनिक्षेपक तोंडाआड येऊ नये, आणि पुढच्या दोन रांगा पाहुण्यांऐवजी त्यांच्यासाठी राखाव्या. हे आम्ही व्याख्यानमालांच्या चालकांनाही सांगतो. श्रोत्याने प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला तर त्याचे उत्तरही चिठ्ठीवर द्यावे, की पुटपुटून संपवावे?

हे सारे उपकार म्हणून मागायचे की हक्क म्हणून, याविषयी आमच्या मनात शंका नाही. २०१६ च्या कायद्याने लोकांच्या वापरात असलेली प्रत्येक इमारत, मग ती सरकारी असो वा खासगी संस्थेची, सांस्कृतिक कामाची असो वा शिक्षणाची, ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत घेतली. जुन्या इमारतींत सोयी करण्यास नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सांगितले की सोयींबद्दलचा पंधरावा नियम नुसत्या शिफारशीसारखा आहे आणि तो कायद्याशी विसंगत ठरतो. किमान सोयी सक्तीच्याच केल्या पाहिजेत. न्यायालयापर्यंत जाणाऱ्याचे आम्ही आभार मानतो. पण कोर्टाच्या निकालाने आपोआप कुठे रॅम्प उभा राहिलेला आम्ही पाहिला नाही.

पैशाची अडचण खरी आहे आणि ती लपविण्यात अर्थ नाही. अनुदानित ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी जुनी आहे. ज्या ग्रंथपालाला धड पगार मिळत नाही त्याच्या डोक्यावर हे नवे काम टाकून त्याच्या चांगुलपणावर सारे चालवायचे, ही रीत आम्हांला मान्य नाही. ग्रंथालयाचा दर्जा अ, ब, क, ड असा ठरविताना पुस्तके व सभासद मोजतात, तशा या सोयीही मोजल्या जाव्यात आणि त्यांसाठी निराळे अनुदान असावे, अशी मागणी ग्रंथालय संघांनी व कामगार संघटनांनी मिळून करण्यासारखी आहे.

तोवर गावाने हात जोडून बसायचे कारण नाही. प्रत्येक वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा असते. तिला बहुधा वीस-पंचवीस माणसे जमतात आणि हिशेब मंजूर करून चहा घेऊन जातात. सभेची नोटीस लागली की सभासदाने मुदतीत लेखी ठराव द्यावा. त्याआधी एका रविवारी मोजपट्टी घेऊन जावे. सोबत चाकाची खुर्ची वापरणारा एक, अंध एक, बहिरा एक अशी माणसे घ्यावीत, कारण कुठे अडते ते त्यांनाच बरोबर कळते. पायऱ्यांची उंची, दाराची रुंदी, कपाटांतली वाट, संडासाचे दार हे आकडे लिहून ठरावाला जोडावेत. ज्याला खर्च नाही ते आधी मागावे: दाराची दुसरी कडी काढणे, वाटेतली बाके हलविणे, तळमजल्यावर देवघेवीची खिडकी, फोनवर पुस्तक मागण्याची सोय, आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचून दाखविणारे स्वयंसेवक. मग रॅम्प आणि संडास यांसाठी अंदाजपत्रकात रक्कम. आणि ठराव मांडायला त्या तिघांपैकी एखादा सभासद असेल तर त्यालाच उभे करावे. सभा पहिल्या मजल्यावर असेल, तर त्या वर्षी ती खाली अंगणात घ्यावी अशी मागणी नोटीस लागताच करावी.